पाऊणकीचा समुद्र

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा विषय दिला तो असा : महाराष्ट्रातली अशी एखादी जागा घ्या जिचे फोटो सगळेच काढतात, आणि तिथं जाऊन नीट बघा. मी जयगडची बत्ती, म्हणजे तिथलं दीपगृह, घेतलं. गणपतीपुळ्याला आलेला माणूस दर्शन आणि किनारा आटोपला की दुपारनंतर गाडी उत्तरेकडं वळवतो, वाटेत मालगुंडला केशवसुतांच्या घरी डोकावतो आणि उन्हं कलताना जयगडच्या सड्यावर येऊन थांबतो. फोटो काढल्याशिवाय तिथून कुणी परतत नाही.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. पावसाळा सरून महिना झाला की त्यावरचं गवत सोनेरी पडतं आणि मधेमधे तांबडा दगड डोकं वर काढतो. उत्तरेला शास्त्री नदीची खाडी, तिच्या तोंडावर जयगडचा किल्ला, पलीकडं तवसाळचा डोंगर; पश्चिमेला अडवायला काही नाही, थेट अरबी समुद्र. या टोकावर १९३२ सालापासून ओतीव लोखंडाचा मनोरा उभा आहे. वारा इतका की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलतात. फोटोसाठी सोडलेले केस, साडीचे पदर, ओढण्या सगळ्या पूर्वेकडं उडत असतात.

मी बराच वेळ लोकांचेच फोटो बघत उभी राहिले. त्यांत एक मनोऱ्याचा असतो. पायथ्याशी उभं राहून, मान मागं टाकून, मोबाइल वर धरून काढलेला. कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडं झुकतात, त्यामुळं मनोरा मागं रेलल्यासारखा येतो. दुसरा फोटो सूर्यास्ताचा. तो समुद्राकडं तोंड करून, म्हणजे मनोऱ्याकडं पाठ फिरवून. या दोहोंच्या मधे जे आहे ते फोटोत येतच नाही : खालचा काळा खडक, त्यावर फुटणारं पाणी, आणि त्या पाण्यापासून सावध करायला वर बांधलेली बत्ती, हे तिन्ही एका नजरेत. ते हवं असेल तर खाली उतरावं लागतं. कधी उतरायचं, हे सांगणारी माणसं बत्तीच्या फाटकापाशी भेटत नाहीत. ती खाडीकाठी भेटतात.

पाऊणकी

जयगडच्या जेटीवरून तवसाळला फेरीबोट जाते. मोटारी, दुचाक्या, पालेभाजीची टोपली, शाळेतली मुलं, सगळं एकाच फळीवरून आत शिरतं. तिथून जरा बाजूला एक वयस्कर काका फाटलेलं जाळं शिवत बसले होते. खडकावर कधी उतरता येईल, असं विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, “आज तिथी कुठली?”

मला ती मोबाइलमध्ये शोधावी लागली. चतुर्थी होती.

“मग तीन वाजता भरती लागली. आता उतरतंय. नऊच्या सुमाराला पुरी ओहोटी.” हात जाळ्यावरून हलला नाही.

हिशेब पाऊणकीचा आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केली होती, त्यातली ही पाऊणकी. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीडला, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. दिवसा एकदा आणि रात्री साधारण त्याच सुमाराला पुन्हा एकदा. मधे सहा तासांच्या आसपास ओहोटी. गाव बदललं की अर्धापाऊण तास इकडचा तिकडं होतो, पण चूल पेटवायची की होडी पाण्यात ढकलायची, हे ठरवायला एवढं पुरतं.

हे जमतं कारण चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. फरक पडतो तो थोडा, आणि पंधरा तिथ्यांनंतर पौर्णिमा किंवा अमावास्या येऊन हिशेब पुन्हा जागेवर बसतो.

आता यातून फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीनं जे निघतं ते मला फार मोलाचं वाटतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. पण या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारच्या नि मध्यरात्रीच्या बाजूला पडते, आणि उधाणाची ओहोटी सकाळ-संध्याकाळी. म्हणजे सूर्य क्षितिजाशी असताना, उजेड तिरपा आणि सोन्यासारखा असताना, समुद्र दूर गेलेला असतो आणि खडक लांबवर उघडा पडलेला असतो. उलट अष्टमीला भरती बरोबर सहाला येते, पण तेव्हा भांग असते, पाण्याला जोर नसतो. चढलेलं उधाण आणि कोवळं ऊन या दोन गोष्टी कोकणच्या किनाऱ्यावर एकत्र येत नाहीत. खडकाचा फोटो हवा असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे यावं, पाण्याचा हवा असेल तर सप्तमी ते नवमी. दोन्ही एकाच संध्याकाळी मागणारा निराश होतो.

चतुर्थी आणि द्वादशी या दोन तिथ्यांकडं मी काकांनी सांगितल्यापासून निराळ्या नजरेनं बघते. दोन्ही दिवशी सूर्यास्ताला पाणी साधारण अर्ध्यावर असतं. फोटो शेजारी ठेवले तर ओळखता येणार नाही कुठला कधीचा. पण चतुर्थीला भरती तीनची असते, पाणी उतरतीला लागलेलं असतं, आणि तुम्ही उभे असता ती जागा घटकेघटकेला मोठी होत जाते. द्वादशीला भरती नऊची. सूर्यास्ताला पाणी चढत असतं, आणि तुम्ही पुढं बघत क्लिक करत असता तेव्हा तुमच्या मागची, परतीची घळ भरत असते. अनोळखी माणसं खडकावर अडकतात ती बहुतेक अशा संध्याकाळी.

खडक वाचायचा कसा

सड्याच्या कडेवरून खाली बघितलं तर दगडाचे दोन थर स्पष्ट दिसतात. वर तांबडा जांभा, खाली काळा कातळ. कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, सह्याद्री ज्याचा झाला तोच. जांभा त्याच कातळाचा झिजून झालेला. लाखो वर्षांच्या उष्ण, ओल्या हवेनं त्यातलं बाकीचं धुऊन नेलं आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागं ठेवलं. म्हणून तो तांबडा आणि म्हणून तो सच्छिद्र. खाणीतून काढताना चिरा कुऱ्हाडीनं तासता येतो, वारा लागला की टणक होतो. कोकणातली घरं, गडगे, देवळं, किल्ले याच चिऱ्याचे.

बत्तीपासून जवळच, नांदिवड्याच्या हद्दीत, कऱ्हाटेश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या समुद्राकडं उतरत जातात आणि खाली, लाटांच्या अगदी जवळ, गोड्या पाण्याचा झरा गोमुखातून पडतो. ऐकायला नवल वाटतं, पण त्याचं कारण वरच्या थरांत आहे. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपत जातं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि डोंगराच्या कडेला वाट सापडेल तिथून बाहेर येतं. ती कडा इथं समुद्रावरच संपते. त्या पाण्याला मी तोंड लावलं, गार आणि गोड होतं. चार पावलांवर लाट फुटत होती आणि तिचे तुषार ओठांवर खारट लागत होते.

खाली खडकावर पाय ठेवण्याआधी पाच मिनिटं तो नुसता बघावा. समुद्र कुठपर्यंत येतो हे त्यानं दगडावर लिहून ठेवलेलं असतं. सगळ्यात वर कोरडा, राखी पडलेला दगड, क्वचित गवताचं पातं. तिथं फक्त पावसाळ्यातले तुषार पोचतात. त्याखाली काळाकुट्ट पट्टा, पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचा. कोरडा असेल तर पाऊल धरतो, ओला झाला की काचेइतका गुळगुळीत. त्याखाली खरखरीत पांढुरके ठिपके आणि मग कालवांच्या शिंपल्या. इथं पाय सरकत नाही, पण हात टेकला तर कापतो. आणि सगळ्यात खाली हिरवा शेवाळी भाग. तिथं कुणी पाय ठेवू नये, कितीही चांगली फ्रेम दिसली तरी. बुटाचा तळ कसाही असला तरी तिथं काही उपयोग नाही.

कालवांच्या पट्ट्यात दोघी बायका काम करत होत्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, हातात टोकदार लोखंडी सळी, कमरेला डबा. शिंपलीच्या सांध्यावर एक ठोका, मग टोक आत घालून हलकासा पीळ, वरचं झाकण उडतं, आतलं मांस बोटानं डब्यात. तीन हालचाली, मधे थांबणं नाही. शिंपलीचा खालचा अर्धा भाग दगडालाच राहतो, म्हणून तो पट्टा दुरून पांढरा दिसतो. फोटोत मला आधी तो पांढरेपणा चुन्याचा वाटला होता, इतका सारखा होता. डबाभर कालवं व्हायला सारी ओहोटी जाते.

मी फोटो काढू का, असं विचारल्यावर त्यातल्या मोठ्या मावशी म्हणाल्या, “काढ गो. पण माझ्याकडं बघत मागं नको जाव. पाण्याकडं पाठ करू नये माणसानं.”

हे वाक्य खडकांवर जायच्या प्रत्येक वाटेच्या सुरुवातीला रंगवून लावावं, असं मला मनापासून वाटतं. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. पाच-सात बेताच्या येतात, मग दोन-तीन मोठ्या एकामागून एक. आपण नेमकं बेताच्या लाटा बघून जागा ठरवतो. म्हणून उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून मोठ्या लाटेचा ओलावा कुठपर्यंत येतो ते बघायचं, आणि ट्रायपॉड त्याच्याही वर लावायचा. शिवाय आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तरी समुद्र अचानक खवळतो, असंही होतं. दक्षिणेच्या महासागरात हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळाच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येऊन लागतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्यांचे इशारे देते. मच्छीमार ते बघूनच निघतात. पर्यटकांपर्यंत ते पोचवायची नीट सोय अजून झालेली नाही, आणि ती व्हायला हवी.

मनोऱ्याच्या पोटात

बत्तीत आत जायची वेळ दुपारी उशिराची आणि थोडीच असते. तिकीट नाममात्र. आत शिरताच बाहेरचा वारा एकदम तुटतो आणि त्या जागी लोखंडाचा आवाज येतो. वर कुणी चालत असेल तर त्याचं प्रत्येक पाऊल खालपर्यंत ऐकू येतं. ओतीव लोखंडाचे मनोरे बांधले जात ते तुकड्यातुकड्यानं. बाकदार पत्रे कारखान्यात ओतायचे, त्यांच्या कडांना आतून पाळ ठेवायची, जागेवर आणून पाळीला पाळ लावून बोल्ट मारायचे. दगडी मनोऱ्याला जे मनुष्यबळ आणि जी वर्षं लागत ती वाचत. त्याची किंमत रंगाच्या रूपानं मोजावी लागते. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला उघडं राहता येत नाही. खरवडा, पुन्हा रंगवा, हे चालूच राहतं.

बाहेरून दिसणारा रंग शोभेसाठी नसतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा जहाजावरचा माणूस मनोरा ओळखतो तो आकारावरून आणि रंगावरून. मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी, पाण्यात उभं असलेलं प्राँग्जचं दीपगृह घ्या. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्यानं बांधलेलं, १८७५ सालचं. त्याचे तांबडे, काळे आणि पांढरे पट्टे दर्यावर्दी नकाशांच्या पुस्तकात नोंदलेले असतात. फोटोच्या रंगसंगतीत फेरफार करताना मला हे आठवतं. मनोऱ्याचा रंग बदलला तर तो दुसराच कुठला तरी मनोरा होतो.

रात्रीची ओळख याहून काटेकोर असते. प्रत्येक दीपगृहाचा उजेड ठरावीक तालात येतो. किती सेकंदांत किती झळाळ्या, मधे अंधार किती, हे ठरलेलं, आणि शेजारच्या दीपगृहाचा ताल मुद्दाम निराळा. किनारा काळोखात असताना घड्याळ बघून झळाळ्या मोजल्या की आपण कुठं आहोत ते कळतं.

कंदिलाच्या खोलीत गेल्यावर सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो तो पडद्यांचा. भर दिवसा चारी बाजूंनी पडदे ओढलेले का? तिथल्या कर्मचाऱ्यानं फार चांगलं उत्तर दिलं : “ताई, ही काच दिव्याचा उजेड बाहेर फेकते, तशीच उन्हाला आत ओढते. पडदा नसला तर दिवाच जळेल.” भिंग उजेड कुठल्या दिशेनं आला ते बघत नाही. आतला दिवा ते समांतर शलाका करून क्षितिजाकडं पाठवतं, आणि बाहेरचं ऊन गोळा करून नेमकं दिव्याच्या जागी आणतं.

अशा भिंगाची कल्पना फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेलची. एवढं मोठं भिंग एकसंध काचेचं केलं तर त्याचं वजन पेलणार नाही आणि जाड काचेतच उजेड मुरून जाईल. त्यानं भिंगाचा फक्त वळणारा पृष्ठभाग ठेवला, मधला गाभा काढून टाकला, आणि कांद्याच्या कापासारखी एकात एक काचेची वलयं रचली. १८२३ साली ते फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात बसलं. पुढं बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्सची आणि पॅरिसच्या कारखान्यांची अशी भिंगं भारताच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी आली. त्यांची कडा जवळून बघावी. प्रत्येक वलयाच्या धारेवर सप्तरंगी रेघ असते आणि आपण डोकं हलवलं की ती सगळीच्या सगळी सरकते.

आता ठिकठिकाणी एलईडी आले आहेत. वीज कमी लागते, देखभाल कमी, आणि जहाजांकडं उपग्रहावरून ठिकाण सांगणारी साधनं आहेतच. पण जेटीवरचे काका म्हणाले ते मी विसरले नाही : मोबाइल भिजतो, बॅटरी संपते, बत्ती तिथंच असते. छोट्या होडीत एकटा असलेल्या माणसाच्या दृष्टीनं बत्ती ही जुनी झालेली सोय नाही.

काळा दगड, उजळ मनोरा

तंत्राचं थोडं बोलते, कारण या जागेच्या अडचणी या जागेच्याच आहेत.

ओला कातळ हा आपल्याकडच्या सगळ्यात काळ्या दगडांपैकी एक, आणि उन्हातला रंगवलेला मनोरा सगळ्यात उजळ वस्तूंपैकी. फ्रेमचा अर्धा भाग कातळानं व्यापला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. कातळ राखाडी होतो, मनोरा पांढराफटक, त्यावरची झरोके-खिडक्यांची नक्षी नाहीशी. एक्स्पोजर हातानं कमी करावं, मनोऱ्यातले बारकावे राखावेत आणि कातळाला काळंच राहू द्यावं. तो काळाच आहे. पोलरायझर लावला तर ओल्या दगडावरची चमक जाते आणि खालचा रंग, कालवांचा पांढरा, शेवाळाचा हिरवा, वर येतो. मला कधी ती चमकच हवी असते. संध्याकाळचं तांबूस आभाळ तिच्यात उतरतं.

पाण्याचं काय करायचं, यावर छायाचित्रकारांत कायम वाद असतो. तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर लाटांचं धुकं होतं. भिंतीवर लावायला ते छान दिसतं. पण कोकणचा समुद्र धुक्यासारखा नाही, आणि त्याच्यापासून जपायला म्हणून तर वर बत्ती आहे. पाव सेकंद ते एक सेकंद, एवढंच द्यावं असं माझं मत झालं आहे. खडकावरून परत ओघळणाऱ्या पाण्याच्या दोऱ्या त्यात दिसतात आणि लाटेचा जोरही कळतो.

वाइड लेन्स घेऊन कड्याखाली उभं राहिलं की पायाखालचा खडक अवाढव्य होतो आणि मनोरा काडीपेटीतल्या काडीएवढा उरतो. त्यापेक्षा किनाऱ्यानं लांब जावं आणि टेलिफोटोनं बघावं. लाट, कडा आणि मनोरा एकमेकांजवळ येतात आणि तिघांचं नातं खरं दिसतं. शिवाय लांबून कॅमेरा आडवा सरळ धरता येतो, मनोरा कलत नाही. चंद्राचं गणितही असंच. एक किलोमीटरवरून चंद्राचं बिंब सुमारे नऊ मीटर रुंद वस्तूएवढं दिसतं, दोन किलोमीटरवरून अठरा मीटर. मनोऱ्यामागं मोठा चंद्र हवा तर मनोऱ्यापासून दूर जायला हवं.

सूर्यही एका जागी बुडत नाही. या अक्षांशावर जूनमध्ये तो बरोबर पश्चिमेच्या जवळपास पंचवीस अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. पन्नास अंशांची ही फेरी. हिवाळ्यातलं संध्याकाळचं ऊन कड्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला लागतं, मे महिन्यात तीच बाजू छायेत असते. मेमध्ये बघून ठेवलेली जागा डिसेंबरात उपयोगाची ठरेल असं धरून चालू नये.

आणि मीठ. भिंगावर बारीक तुषार वाळले की मिठाचे स्फटिक होतात. ते कोरड्या कापडानं पुसले तर काच घासली जाते. आधी गोड्या पाण्यात भिजवलेलं कापड अलगद टेकवावं, मीठ विरघळू द्यावं, मग पुसावं.

गर्दीच्या संध्याकाळी

फेब्रुवारी २०२४ मध्ये तूतुकुडीच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशातली ७५ दीपगृहं पर्यटनासाठी लोकार्पण केली. त्याआधी २०२१ मध्ये १९२७ चा जुना दीपगृह कायदा जाऊन नवा कायदा आला होता. त्याचा परिणाम किनाऱ्यावर दिसतो : बाकं, कठडे, बागा, पाट्या, वाहनतळ. लोकांनी बत्ती बघावी, मुलांनी भिंग बघावं, हे चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. सगळी सोय मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबते. खाली उतरणाऱ्या वाटेवर आजची भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, एवढं लिहिलेला साधा फळा कुठं दिसत नाही. रोज खडूनं दोन आकडे लिहायचे आहेत.

लग्नाआधीचं चित्रीकरण करणारे आता आठवडाभर येतात. एका संध्याकाळी एक जोडपं खडकाच्या टोकावर उभं होतं, मुलीचा लांब गाऊन पाण्यात भिजून जड झाला होता आणि त्यांचा कॅमेरावाला त्यांना आणखी मागं सरकायला सांगत होता. कालवं काढणाऱ्या मावशीच हाक मारून त्यांना वर घेऊन आल्या. मग मुलीला त्यांनी आपल्या जवळ बसवलं, पदरानं तिचे पाय पुसले आणि चक्क रागावल्या. खडकावरच्या फोटोत ती दोघं सुंदर दिसली असतीलही, पण मावशींजवळचा हा दुसरा फोटो त्यांच्या कॅमेरावाल्यानं काढला नाही याचं मला वाईट वाटलं.

रत्नागिरीला भगवती किल्ल्यावर, म्हणजे रत्नदुर्गावर, गर्दी याहून मोठी. रत्नदुर्गाच्या सिद्ध बुरुजावर बत्ती, बालेकिल्ल्यावर भगवतीचं देऊळ, आणि किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीचा काळ्या वाळूचा किनारा तर दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र म्हणतात तो किनारा. इथं उंचीवरून सगळं दिसतं, त्यामुळं खाली जायची ओढ कमी, आणि फोटोही त्या मानानं सुरक्षित. ड्रोन मात्र दोन्हीकडं जपून. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा हवाईतळ आहे, जयगडला मोठं बंदर. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघणं हे बंधन आहेच, ते पाळावं.

पावसाळ्यात दृश्य सगळ्यात रौद्र असतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, खाडीत होड्या ओढलेल्या, सड्यावर पाण्यात उगवणारी इवली निळी-पांढरी फुलं. तेव्हा खाली जायचा प्रश्नच नाही. वरून, टेलिफोटोनं, छत्री कॅमेऱ्यावर धरायला एक माणूस बरोबर घेऊन.

दिवाळीतलं पाणी

हा अंक हातात पडेल तेव्हा कोकणात जायची तयारी अनेक घरांत चालू असेल, म्हणून या दिवसांचं पाणी मांडून ठेवते. लक्ष्मीपूजन अमावास्येचं. भरती सव्वाअकराच्या सुमाराला, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. म्हणजे दिवे लागायच्या वेळेला खडक लांबवर उघडा असेल, आणि रात्री चंद्र नसेल. बत्तीच्या शलाका टिपायला अशी रात्र लागते. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं आभाळात निळा उजेड राहतो, तेव्हा दिवा लागलेला असतो आणि कड्याचा आकारही दिसतो. एक्स्पोजर दिव्याच्या तालाच्या पटीत ठेवावं. समजा फेरा दहा सेकंदांचा असेल तर दहा किंवा वीस सेकंद. अधलंमधलं ठेवलं तर कुठल्या बाजूला शलाका येते, कुठल्या बाजूला येत नाही. गोल फिरणाऱ्या भिंगाच्या शलाका हवेत थोडा ओलावा असला तर उमटतात. जागच्या जागी उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या उमटत नाहीत. आधी नुसत्या डोळ्यांनी बघून घ्यावं.

उजेडात उतरलात तर उजेडातच वर या. अंधारासाठीचा ट्रायपॉड सड्यावर लावा. आणि साडेपाचनंतर पाणी चढायला लागतं हे ध्यानात ठेवा, कारण उधाणाचं पाणी मधल्या दोन तासांत झपाट्यानं चढतं.

पाडव्याला भरती पाऊण वाजता, भाऊबीजेला दीडला. या दोन दिवशी माणसं जेवणाआधी किंवा जेवणं उरकून भर दुपारी किनाऱ्यावर जातात. तेव्हा पाणी कड्याला लागलेलं असतं आणि ऊन डोक्यावर. फोटोलाही ती वेळ वाईट, पायालाही. चारनंतर निघावं. भाऊबीजेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला द्वितीयेची कोर दिसते, तासाभरानं ती मावळते. ओहोटी पावणेआठची, म्हणजे कोर असेपर्यंत पाणी उतरतच असतं. भाऊ-बहिणी, मुलंबाळं घेऊन खडकावर थोडा वेळ बसायला आठवड्यातली ही सगळ्यात चांगली संध्याकाळ. कालवांच्या पट्ट्यापर्यंतच जा, तिथं काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारून काढा, आणि डबा विकायला असेल तर विकत घ्या.